भवभूतीच्या गांवाहून नवेगांवबांधास

प्रवासवर्णन लिहिणारानें बदरीकेदार गांठावें, निदान कन्याकुमारी तरी पाहावी, अशी एक समजूत आहे. आमच्या वांट्यास तो योग आला नाहीं. यंदा चैत्रांत आम्ही गेलों ते गोंदिया जिल्ह्यांत, आणि तेथेंही पाहिलें तें काय, तर एक खेडें आणि एक मुलांची शाळा. परंतु या दोन ठिकाणांनीं आमच्या मनांत जो विचार उत्पन्न केला, तो घरांत शाळकरी मुलें असलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

जाण्याचें कारण असें झालें. आमचे वडील बंधु आतां हयात नाहींत. त्यांचे चिरंजीव आमगांवजवळच्या एका खेड्यांत शिक्षक आहेत, आणि वहिनी त्यांच्याकडेच असतात. पुतण्याची मुलगी, म्हणजे आमची नात, यंदा पांचवींत होती. तिनें जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा दिली आणि तींत तिची निवड झाली. ही शाळा त्याच जिल्ह्यांत नवेगांवबांध येथें आहे, आणि तेथें सहावीपासून मुलांस शाळेंतच राहावें लागतें. निकाल लागला त्या दिवशीं घरांत पेढे वांटले गेले. दुसऱ्या दिवशीं वाद सुरू झाला. पुतण्या म्हणे, पाठवावें. सूनबाई कांहींच बोलेनात. वहिनींनीं मात्र ‘अकरा वर्षांच्या पोरीला कुणी घराबाहेर काढतं काय?’ असें विचारून देव्हाऱ्यापुढें ठाण मांडलें. शेवटीं ‘काकांना बोलवा, त्यांचा जन्म शाळेंत गेला, ते सांगतील तसं करूं’ असें ठरलें, आणि आम्हांस बोलावणें आलें.

आमचें स्वतःचें मत, खरें सांगावयाचें तर, वहिनींच्याच बाजूस झुकलेलें होतें. मुलानें घरांत वाढावें, आजीच्या कुशींत गोष्टी ऐकाव्या, पंगतींत वाढावयास शिकावें, सणावारीं नैवेद्याचें ताट उचलावें, आणि शाळेंत जाऊन धडा शिकून यावें. आमच्या पिढीची शिक्षणाची कल्पना एवढीच होती. धडा शाळेनें द्यावा, संस्कार घरानें. शाळेंतील संमेलनें, सहली, स्पर्धा यांस आम्ही नोकरीच्या साऱ्या काळांत ‘वेळेचा अपव्यय’ म्हणत आलों. त्या मताचें कोणास काय मोल द्यावें लागलें, तें पुढें ओघानें येईलच.

गोंदिया हें नागपुराहून हावड्यास जाणाऱ्या लोहमार्गावरील मोठें जंक्शन आहे. हा सारा मुलूख पूर्वी भंडारा जिल्ह्यांत मोडे. १ मे १९९९ रोजीं त्यांतून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा निघाला. महाराष्ट्राचा हा अगदीं पूर्वेकडील कोपरा. उत्तरेस मध्यप्रदेशाचा बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड. त्यामुळें गाडीच्या एकाच डब्यांत मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगडी आणि क्वचित् गोंडी अशा बोली कानीं पडतात. आमच्या समोर बसलेल्या एका बाईनें आमच्याशीं मराठींत, आपल्या मुलाशीं पोवारींत आणि तिकीट तपासनिसाशीं हिंदींत असें पांच मिनिटांत तीन भाषांत संभाषण केलें, आणि तेंही कोणत्याच भाषेची पदवी न घेतां. संस्कृताच्या अभिमानावर जन्म काढलेल्या आमच्यासारख्यास तें ऐकून थोडी लाज वाटली.

धान हें या जिल्ह्याचें जीवन. खिडकीबाहेर धानाच्या बांध्या दूरवर पसरलेल्या दिसतात, आणि गांवोगांवीं वरच्या अंगास एखादा तलाव किंवा बोडी असते. मालगुजारांच्या अमदानींतले हे तलाव. मालगुजारी गेली तेव्हां कागदोपत्रीं ते ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले, आणि त्याचें संक्षिप्त रूप ‘मामा तलाव’ हें लोकांच्या तोंडीं बसलें. उन्हाळ्यांतही ज्याच्या घरीं पाणी असतें तो मामा, हें नांव भाच्यांस आवडण्यासारखेंच आहे.

पुतण्याच्या घरीं पोंचल्यावर निवाडा देण्याची आम्हीं घाई केली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातीस बरोबर घेऊन पदमपूर पाहावयास गेलों. आमगांवच्या जवळच हें खेडें आहे. सामान्य प्रवासी येथें फिरकत नाहीं, परंतु संस्कृत शिकलेल्या माणसानें येथें एकदां तरी यावें. आठव्या शतकाच्या आरंभीं होऊन गेलेला भवभूति ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेंत आपलें कुळ दक्षिणापथांतील पद्मपुराचें असल्याचें सांगतो. काश्यप गोत्र, तैत्तिरीय शाखा, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी. तें पद्मपुर म्हणजेच हें पदमपूर, असा निर्णय नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं दिला; वाकाटकांच्या एका ताम्रपटांत पद्मपुराचा उल्लेख येतो, त्याचाही त्यांनीं आधार घेतला. गांवांत जुन्या शिल्पांचे अवशेष आहेत. भोंवतीं शेतें, वर चैत्राचें ऊन, आणि मोहाखालीं फुलें वेंचणाऱ्या बाया. ज्याच्या करुणरसापुढें पाषाणही द्रवतात असें आम्ही तीस वर्षें वर्गांत सांगत आलों, त्याच्या पूर्वजांची ही भूमि!

नात एका दगडावर बसून सारें ऐकत होती. तिनें विचारलें, “आजोबा, हा भवभूति शाळेंत जात होता का?”

प्रश्न सरळ होता. त्याच्या शाळेचें नांव कोठें सांपडत नाहीं. पण शाळेंतल्या मुलांस त्याच्याइतकें ओळखणारा दुसरा नाटककार संस्कृतांत आम्हांस ठाऊक नाहीं. मग ‘उत्तररामचरिता’चा चौथा अंक आम्हीं तिला सोप्या मराठींत सांगितला. वाल्मीकींच्या आश्रमांत वसिष्ठ, अरुंधती, कौसल्या असे थोर पाहुणे आले आहेत, आणि पाहुणे आले म्हणून शिष्यांस अनध्याय मिळाला आहे. सौधातकि नांवाचा एक बटु सुटीच्या आनंदांत या पिकल्या दाढ्यांची थट्टा करतो, आणि त्याचा सोबती त्याला दटावतो. पुढें आश्रमांतलीं पोरें धापा टाकीत येतात. त्यांनीं घोडा पाहिलेला असतो. घोडा हा शब्द पोथींत वाचलेला. प्राणी आज प्रथमच दिसला! त्याचें शेंपूट कसें, खूर किती, तो खातो काय, हें सारें तीं एका दमांत लवाला सांगतात आणि त्याला ओढून नेतात. आणि त्याच गर्दींत म्हातारी कौसल्या एका पोराकडे पाहत राहते. तो लव, तिचाच नातू. पण तें तिला ठाऊक नाहीं. नुसतें मन ओढ घेतें.

घोड्याच्या वर्णनास नात पोट धरून हंसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, “म्हणजे आजीनं नातवाला ओळखलंच नाहीं?” यावर आम्हांस लगेच उत्तर सुचलें नाहीं.

तो घोड्याचा प्रवेश आमच्या जुन्या ओळखीचा आहे, आणि ती ओळख सुखाची नाहीं. सुमारें तीस वर्षांमागें आम्ही ज्या शाळेंत संस्कृत शिकवीत होतों तेथील संमेलनांत आम्हांस हाच प्रवेश बसवावा लागला होता. घोड्याचें वर्णन करणाऱ्या बटूचें काम आम्हीं एका शेतमजुराच्या मुलास दिलें, कारण त्याचा आवाज खणखणीत आणि उच्चार विलक्षण शुद्ध होते. परंतु सहामाही परीक्षेंत तो गणितांत नापास झाला. ‘आधीं गणित, मग नाटक’ असें म्हणून आम्हीं त्याला प्रवेशांतून काढलें. त्यानें हुज्जत घातली नाहीं. आठ दिवसांनीं तो शाळेंत येईनासा झाला, आणि पुढें आलाच नाहीं. घरची गरिबी हें कारण सर्वांनीं सांगितलें, आणि सोयीचें म्हणून आम्हींही तेंच मानलें. पुष्कळ वर्षांनीं एका एस. टी. स्थानकावर पाठीवर पोतें घेतलेला एक हमाल आमच्यापुढें थांबला. “गुरुजी, घोडा अजून पाठ आहे,” असें म्हणून त्यानें तो श्लोक, पोतें खालीं न ठेवतां, तेथेंच म्हणून दाखविला. एकही अक्षर चुकलें नाहीं. आम्ही त्याला गणित शिकवूं शकलों नव्हतों. आणि ज्या एका दोरीनें तो शाळेशीं बांधलेला होता ती आम्हीं आपल्या हातानें तोडली होती. हें आम्हीं नातीला सांगितलें नाहीं. वाचकांस सांगत आहों.

पुढील रविवार नवेगांवबांधच्या शाळेंत पालकांच्या भेटीचा होता. पुतण्याच्या एका सहकाऱ्याचा मुलगा तेथें शिकतो. ते त्याला भेटावयास निघाले होते, त्यांच्या सोबतीनें आम्ही निघालों. नात यावयास उत्सुक होती, परंतु ‘अजून कांहीं ठरलं नाहीं’ या वहिनींच्या एका वाक्यानें तिला घरींच राहावें लागलें. आमगांवाहून गोंदियास येऊन बल्लारपूरकडे जाणारी गाडी धरावयाची, आणि सौंदडच्या पुढें देवलगांवास उतरावयाचें. गोंदियाहून नवेगांवबांध सुमारें ६५ किलोमीटर दूर आहे. जसजसें दक्षिणेस जावें तसतसें रान दाट होत जातें. या मुलखास झाडीपट्टी म्हणतात तें उगाच नव्हे.

नवेगांवबांधचा तलाव सुमारें ११ चौरस किलोमीटरांचा आहे. तो अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला अशी परंपरा आहे. कोहळी ही तलाव बांधण्याच्या कामीं निष्णात अशी शेतकरी जात. भोंवतींच्या डोंगरांस सात बहिणी म्हणतात, आणि बांध घालण्यास या बहिणींनीं हात लावला अशी आख्यायिका आहे. कोलू पाटील तर लोकांच्या भक्तीनें पुढें कोलासुर नांवाचा देवच झाला. पाणी अडवून तें बांध्यांपर्यंत पोंचविणाऱ्या माणसास देवत्व देणाऱ्या लोकांस देवाची पारख नाहीं असें कोण म्हणेल? तलावामागील रान १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २०१३ सालीं नागझिऱ्यासह तें व्याघ्र प्रकल्पांत गेलें. मारुति चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं वनाधिकारी म्हणून येथें काढलेल्या काळावर ‘नवेगावबांधचे दिवस’ हें पुस्तक लिहिलें आहे. रानाची विद्या त्यांनीं येथील माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांपाशीं बसून आत्मसात केली. अधिकारी शिष्य आणि गांवकरी गुरु, असा हा उलटा पाठ या गांवानें पाहिलेला आहे.

शाळेच्या आवारांत शिरलों तेव्हां जत्रेसारखें दृश्य होतें. झाडाखालीं झाडाखालीं एकेक कुटुंब बसलेलें. मध्यें डबे उघडलेले. कोणी पुरणपोळी आणलेली, कोणी लाडू, कोणी नुसता चिवडा. गणवेशांतील मूल मध्यें, आणि तें खात असतां त्याच्याकडे टक लावून पाहणारे आईबाप भोंवतीं. धोतर नेसलेले शेतकरी होते, गोंड आईबाप होते, आमच्यासारखे मास्तरही होते. आमच्या लहानपणीं शहरांत शिकावयास जाणाऱ्या मुलांसाठीं ज्या त्या जातीचीं वसतिगृहें असत, आणि पंक्ति आडनांवावरून बसत. येथें त्याच डब्यांतले लाडू चार झाडांखालीं फिरतांना पाहिले, आणि फिरविणारीं मुलें कोणाचें आडनांव काय याचा विचार करीत आहेत असें दिसलें नाहीं.

या शाळांचा उगम वाचकांस ठाऊक असेलच, तरी थोडक्यांत सांगतों. खेड्यांतील बुद्धिमान मुलांस पैशावांचून उत्तम शिक्षण मिळावें, हा विचार १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत आला. १९८५-८६ सालीं प्रयोगादाखल दोन शाळा निघाल्या. एक हरियाणांत झज्जरला, दुसरी आपल्या अमरावतीस. आज तमिळनाडु वगळतां देशभर साडेसहाशेंहून अधिक नवोदय विद्यालयें आहेत. दरवर्षीं सहावींत फार तर ८० मुलें घेतात; त्यांत निदान शेकडा ७५ खेड्यांतलीं आणि निदान एकतृतीयांश मुली असाव्या असा नियम आहे. राहणें, जेवण, गणवेश, पुस्तकें यांचा खर्च सरकार करतें. पहिल्या वर्षांत शिकविणें मातृभाषेंत किंवा प्रादेशिक भाषेंत होतें. पुढें गणित आणि शास्त्र इंग्रजींत येतें.

परंतु हे झाले नियम. आम्हांस पाहावयाचें होतें तें, धडा संपल्यावर मुलें काय करतात तें. आमच्या सोबत्याच्या मुलानें आम्हांस सगळें हिंडून दाखविलें. मुलांचीं चार सदनें: अरवली, नीलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी. पहाटे उठून व्यायाम, मग न्याहारी, मग प्रार्थनासभा, दुपारपर्यंत वर्ग, सायंकाळीं खेळ, आणि रात्रीं देखरेखीखालीं अभ्यास. प्रार्थनासभा पाळीपाळीनें एकेक सदन चालवितें: बातम्या कोणी वाचावयाच्या, सुविचार कोणी सांगावयाचा, हें सारें मुलेंच ठरवितात. खेळ, वक्तृत्व, गायन, नाट्य यांत सदनासदनांत चुरस असते. “गेल्या खेपेस कबड्डींत आमचं सदन हरलं,” असें सांगतांना त्या मुलाचा चेहरा असा पडला कीं, घरांतलें कांहीं दुखणें सांगत असावा. पुढच्याच क्षणीं तो म्हणाला, “पण नाटकांत आम्ही पहिले.” आम्ही चालतां चालतां थोडे मागें राहिलों. हा मुलगा गणितांत कसा आहे, हें विचारावेंसें वाटलें होतें, विचारलें नाहीं.

एका ओसरीवर भित्तिपत्रक लावण्याची तयारी चालली होती. पाहुणे निवृत्त मास्तर आहेत असें कळतांच मुलांनीं आम्हांस खुर्चीवर बसवून शुद्धलेखन तपासावयास लावलें. आमची तर चैनच झाली! लाल पेन्सिल घेऊन आम्हीं तीन-चार ऱ्हस्व-दीर्घ नीट केले. तलावावरील एका निबंधांत ‘पाणी’ हा शब्द सर्वत्र ‘पानी’ असा लिहिलेला होता. त्यावर पेन्सिल टेकवितांच संपादक मुलगी म्हणाली, “गुरुजी, तेवढं राहूं द्या. तो उत्तर हिंदुस्थानांतून आलाय, अन् मराठी आमच्याकडून शिकलाय. इथं आम्ही पानीच म्हणतो.” लेखक शेजारींच उभा होता. वर्षापूर्वीं त्यास मराठींतला एक शब्द येत नव्हता. आम्हीं पेन्सिल खालीं ठेवली. झाडीबोलींत ‘ण’ नाहीं, ‘न’ आहे, हिंदींतही ‘पानी’च. दोन मुलांच्या मैत्रींत व्याकरणानें मध्यें पडूं नये एवढें शहाणपण साठीनंतर आलें आहे.

हा मुलगा येथें कसा, तें सांगावयास हवें, कारण नवोदयाची ही योजना आम्हांस सर्वांत विलक्षण वाटली. नववीच्या वर्गांतून शेकडा ३० मुलें एका वर्षासाठीं दुसऱ्या भाषेच्या प्रांतांतील नवोदयांत जातात. इकडचीं मराठी मुलें हिंदी प्रदेशांत, तिकडचीं हिंदी मुलें इकडे. सदनांचीं नांवें सहसा सर्वत्र हींच असतात. त्यामुळें हजार किलोमीटर दूर आलेल्या मुलास आपलें सदन तरी ओळखीचें सांपडतें. त्या मुलाचें वर्ष संपत आलें होतें. “घरीं जायचा आनंद आहे ना?” असें आम्हीं विचारलें. तो “हो” म्हणाला आणि तलावाच्या दिशेनें पाहूं लागला.

परतीच्या गाडींत आम्हांस पुन्हां भवभूति आठवला. ‘मालतीमाधवां’त विदर्भराजाचा अमात्य देवरात आपला मुलगा माधव यास कुंडिनपुराहून पद्मावतीस आन्वीक्षिकी, म्हणजे तर्कविद्या, शिकण्यास पाठवितो. ही पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरीकडील पवाया, असें विद्वान् मानतात. म्हणजे विदर्भाचा मुलगा विद्येसाठीं उत्तरेस गेल्याची कथा सुमारें तेराशें वर्षांपूर्वीं याच मुलखांतल्या कुळाच्या कवीनें लिहून ठेविली आहे! देवरात आणि पद्मावतीचा अमात्य भूरिवसु हे दोघे बाळपणींचे सहाध्यायी, निरनिराळ्या दिशांहून एका गुरुगृहीं आलेले. आणि त्यांच्याबरोबर शिकलेली तिसरी विद्यार्थिनी कामंदकी. ‘उत्तररामचरितां’तील आत्रेयी तर लव-कुशांच्या बुद्धीपुढें आपला टिकाव लागेना म्हणून वाल्मीकींचा आश्रम सोडून एकटी दंडकारण्य तुडवीत अगस्त्यांकडे शिकावयास जाते. मुलीनें शिकण्यासाठीं घर सोडणें ही नवी टूम आहे असें म्हणणारांनीं हे दोन अंक पुन्हां वाचावे. आम्हींही ते पुन्हां वाचण्याची गरज होती.

तरी सर्वच गोड होतें असें नाहीं. चार वाजतां पालकांची निघण्याची वेळ झाली. एक लहानगा, सहावींतला असावा, वडिलांच्या सदऱ्याचें टोंक धरून उभा राहिला आणि सोडीना. वडील त्याची मूठ उलगडीत होते आणि स्वतः दुसरीकडे पाहत होते. अखेर एक मोठा मुलगा आला, त्यानें कांहींतरी कानांत सांगितलें, आणि दोघे मैदानाकडे गेले. वडील फाटकापर्यंत मागें वळून पाहत चालले होते. मुलानें एकदांच पाहिलें. जें घर देतें तें शाळा देते असें कोणी सांगूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. आजीची कुशी कोणत्याही सदनांत नसते. शाळा देते तें वेगळें: बरोबरीच्या माणसांत बरोबरीनें राहणें, हरून पुन्हां खेळावयास उतरणें, आपल्यापेक्षां लहान असलेल्याची मूठ आपल्या हातांत घेणें. हें घरांतही येतें. पण घरांत आपण कोणाचे तरी लाडके असतों, आणि लाडकें असतां तें शिकणें कठीण जातें.

आणखी एक गोष्ट विसरूं नये. निवड व्हावयाची ती वर्षाला फार तर ८० मुलांची. राहिलेल्यांचें काय? त्यांच्या शाळेंतही भित्तिपत्रकास लागतो तो एक कागद, आणि संमेलनास लागतात त्या चार सायंकाळी. दिवाळी झाली कीं या झाडीपट्टींत गांवोगांव मंडया भरतात, आणि दंडारी व नाटकें रात्ररात्र चालतात. ज्या मुलखांत दिवसभर धान कापलेला माणूस रात्रीं तोंडाला रंग लावून उभा राहतो, तेथें कोणत्याही शाळेस नाटक जड जाऊं नये. जड जातें तें आमच्यासारख्या मास्तरांस. गणित आणि नाटक यांत निवड करावयास मुलास लावणें हाच मुळीं चुकीचा हिशेब, हें आम्हांस त्या हमालानें शिकविलें. नवेगांवबांधास त्याचा ताळा मिळाला.

घरीं पोंचलों तेव्हां रात्र झाली होती. सारीं जागीं होतीं. नात दाराआड होती हें तिच्या परकराच्या काठावरून दिसत होतें. वहिनींनीं पाण्याचा तांब्या पुढें केला आणि विचारलें, “भाऊजी, तिथं पोरींच्या वेण्या कोण घालतं?”

आम्हीं पाहिलें होतें तें सांगितलें. मुलींच्या बाजूस एका पायरीवर एक मोठी मुलगी बसली होती, तिच्यापुढें खालच्या पायरीवर एक लहान, आणि तिच्याही पुढें तिसरी. मोठी मधलीची वेणी घालीत होती, आणि मधली धाकटीची. मोठीच्या केंसांत मात्र कोणी हात घालीत नव्हतें. ती आपली आपण घालून आलेली असावी.

वहिनी बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “म्हणजे पहिल्या वर्षीं हिची कुणी घालील, अन् पुढं हिनं कुणाची घालायची.” आम्ही “होय” म्हटलें.

“आणि ती तुमची कौसल्या,” त्या म्हणाल्या. नातीनें घरीं येऊन सारी गोष्ट सांगितलेली होती. “तिला नातू ओळखूं आला नाहीं, कारण ती आश्रमांत फार उशिरा गेली. मी तसं होऊं देणार नाहीं. भेटीचा रविवार एकही चुकवायचा नाहीं. आणि मला घेऊन तुम्हीं जायचं. चालेल?”

दाराआडचा परकर हलला. आम्हीं रुकार दिला. तेव्हांपासून गोंदिया-बल्लारपूर गाडीचें वेळापत्रक आमच्या पंचांगांत घडी घालून ठेवलेलें आहे.